वेल राहू द्या

शकुआक्कांच्या वेलीची फांदी मागून कधीच कुणाला मिळाली नाही. ती चोरावी लागे. मनीप्लांट चोरून आणलेलाच लागतो, असं आपल्याकडे सगळेच म्हणतात. पण म्हणणारे चोरी दुसऱ्याच्या घरी करतात. आक्का ती स्वतःच्या घरी करवून घ्यायच्या. कुणी म्हणालं, "आक्का, एक फांदी द्या की," तर सरळ उत्तर यायचं, "देत न्हाय. चोरायची असली तर चोर. कात्री खिडकीत हाय. मी आत चहा ठेवतो." आणि खरंच आत जायच्या. चोराला धीर यावा म्हणून स्वयंपाकघरात मुद्दाम भांडी आपटायच्या. थोड्या वेळानं आतूनच ओरडायच्या, "झाली का न्हाय चोरी? चहा उतू चाललाय!"

चोर नवखा असला तर नुसतं पान खुडून उभा असायचा. मग आक्का कपाळावर हात मारायच्या. "अरं देवा, ह्याला चोरीबी जमंना. पेराच्या खाली काप की. पेरातनं मूळ सुटतंय. नुस्तं पान नेऊन काय चहात घालणार व्हय?" मग फांदी पुन्हा नीट कापली जायची, ओल्या पेपरात गुंडाळली जायची, आणि चहा पिऊन निघालेल्या चोराला जिन्यापर्यंत सोडायला त्या यायच्या. "परत दिसलास तर पोलिसात देईन बग."

कसबा बावड्यातल्या आमच्या इमारतीत असं एक घर नव्हतं की जिथं त्या वेलीचं पोर नव्हतं. फक्त आमच्याकडं नव्हतं. आमचं दार त्यांच्या दारासमोर. दोन्ही दारं दिवसभर उघडी. त्यांची वेल ती आमचीच, वेगळी कशाला चोरायची, असं वाटायचं.

वेल साधी मनीप्लांटचीच, पण पांढऱ्या-हिरव्या पानांची. एकाही पानाची नक्षी दुसऱ्यासारखी नाही. कुठं अर्धं पान पांढरं, कुठं हिरव्यावर चुन्याचे शिंतोडे उडाल्यासारखे, कुठं नुसती कडा. पूर्वेच्या खिडकीशी छताला एक लोखंडी आकडा होता, त्याला टांगलेल्या जुन्या रंगाच्या डब्यातून ती निघायची, खाली फरशीपर्यंत यायची, आणि फरशीला टेकायच्या आत आक्का तिचं टोक उचलून दोऱ्यानं दाराच्या चौकटीकडं वळवायच्या. उन्हात ठेवायची नाही, अंधारातही नाही. "लई ऊन लागलं की पांढरं करपतंय, अंधारात ठेवली की सगळी हिरवी व्हाय बगती. तिला मधलं पायजे."

आक्कांना कोड होतं. हे मी अगदी सुरुवातीला लिहायला हवं होतं. टाळलं. टाळायची ही सवयच पुढच्या सगळ्याच्या मुळाशी आहे.

दोन्ही हात मनगटाच्या वरपर्यंत पांढरे, डोळ्यांभोवती पांढरी कडी, ओठांची एक बाजू, मानेवर एक मोठा डाग. आम्ही राहायला आलो त्या दिवशी सामान अजून जिन्यातच होतं आणि आक्का चहाची किटली आणि भडंगाचा डबा घेऊन दारात उभ्या. त्यांनी कप पुढं केला. माझ्या बायकोचा, सुनीताचा, हात क्षणभर अडखळला. फार नाही, एक क्षणभरच. आक्का जराही न बिचकता म्हणाल्या, "वैनी, कोड हाय. चिकटत न्हाय. साखर खाली बसलीया, तेवढी ढवळून घ्या."

सुनीता कानापर्यंत लाल झाली. त्यानंतर त्या दोघींचं असं जमलं की मीठ, मिरची, मिक्सर कुणाचं कुठं आहे ते शोधावं लागायचं. मला आक्का ‘भाऊ’ म्हणायच्या. कोल्हापूरच्या पुष्कळ बायकांसारखं त्यांचं स्वतःबद्दलचं बोलणं पुरुषी, ‘मी जातो, मी येतो’ असं. आणि आवाज खणखणीत. अनोळखी माणूस, मग तो कुरिअरवाला असो की मतं मागायला आलेला उमेदवार, त्यांच्या लेखी ‘पावणं’. "काय पावणं, कुणाकडं?" हे त्यांनी जिन्यात म्हटलं की तळमजल्यावर ऐकू जायचं.

त्या आवाजावरच त्यांनी आयुष्य काढलं होतं. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या, ट्रंक कॉल जोडून देणाऱ्या. "आवाजावर डाग पडत न्हाईत," असं त्या म्हणायच्या. लग्न केलं नाही. ते का, हे विचारायची हिंमत मी केली नसती. त्यांनी स्वतःच एकदा भडंग खाता खाता सांगितलं. "रोज फोन करायचं एक पावणं. माझ्याच हातनं लाइन जोडून पायजे, दुसरीनं घेतला तर ठेवून द्यायचं. एक दिवस ऑफिसातच आलतं, मला बगाय. बगितलं, आन् म्हटलं, ‘राँग नंबर लागला वाटतं.’" आणि त्या मोठ्यानं हसल्या. आम्हीही हसलो. त्या हसायच्या म्हणून आम्ही हसायचो. कुठं थांबायचं ते त्या कधी सांगायच्या नाहीत.

वेलीकडं बोट दाखवून म्हणायच्या, "ही माझी धाकटी बहीण. हिलाबी माझ्यासारखंच. फरक एवढाच की नर्सरीवाला हिरवीपेक्षा हिचं जास्त घेतोय, आन् मला कुणी फुकट न्हाय नेलं."

माझी मुलगी मयूरी त्यांच्याच घरात वाढली म्हटलं तरी चालेल. सुनीताची शाळेची नोकरी, माझी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या पर्चेस विभागात. मयू शाळेतून आली की समोरच्या दारात शिरायची. आक्का तिला गणित शिकवायच्या नाहीत, वेल शिकवायच्या. महिन्यातून एकदा दोघी फरशीवर बसून एकेक फांदी हातात धरून तपासायच्या. वेलीला मधूनच एखादा निव्वळ हिरवा फुटवा येतो. तो जोमदार असतो, भराभर वाढतो, आणि राहू दिला तर सगळी वेल हिरवी करून टाकतो. आक्का तो बुडातून छाटायला लावायच्या. "हा लई माजलाय. ह्याला काप."

एकदा उलटं झालं. एक फुटवा पांढराशुभ्र आला, हिरव्याचा ठिपकासुद्धा नाही. मयूला तो फार आवडला. आक्का म्हणाल्या, "देखणं हाय, पर पांढऱ्या पानाला स्वतःचं जेवण करता येत न्हाय गं. ते हिरव्याच्या जिवावर जगतंय."

"मग कापायचा?" मयूनं विचारलं.

"कशाला? बाकीची घालत्यात की त्याला. खाऊन खाऊन किती खाणार?"

तो फुटवा बरेच दिवस जगला. मी कामावरून येताना त्याच्याकडं बघायचो.

एकदा आक्का भाचीच्या लग्नाला हुपरीला गेल्या. त्यांच्या भावाचं, अण्णांचं, तिथं घरातच पैंजण घडवायचं काम. जाताना किल्ली माझ्याकडं दिली. "भाऊ, वेल बगा." मी बघितली. रोज सकाळी आणि कामावरून आल्यावर तांब्या तांब्या पाणी घातलं. आक्का परत आल्या तेव्हा खालची पानं पिवळी पडून गळाली होती आणि डब्यातून कुजका वास येत होता.

त्यांनी माती हुंगली. "रोज घातलंसा व्हय?"

"दोनदा. मला वाटलं…"

"मायेनं घातलंसा. मायेनंच बुडाली." रागावल्या नाहीत. फरशीवर पेपर पसरला, वेल उपटून काढली आणि काळी पडलेली मुळं चिमटीनं ओढून टाकायला लागल्या. "आदी बोट घालून बगायचं. दोन पेरं आत कोरडं लागलं तरच घालायचं. वरनं कळत न्हाय."

मी ओशाळून विषय बदलला. "लग्न कसं झालं?"

"झालं की." त्या मुळं साफ करत राहिल्या. "मी काय बगितलं न्हाय. अण्णा म्हटला, आक्का, तू आतलं बग, तुझ्यासारखं स्वयंपाकघर कुणाला संबाळाय येत न्हाय. वरपक्षाची लई माणसं आलती. मग मी आतलं बगितलं. मंगलाष्टकं ऐकू येत हुती की आत. अक्षता आतनंच टाकल्या."

"आतून कुठं?"

"भिंतीवर."

मी संतापलो. सख्ख्या बहिणीला असं आत बसवणारा हा कसला भाऊ, असल्या माणसाचं तोंड बघू नये, लोकांना भिऊन रक्ताच्या माणसाला लपवणं म्हणजे निव्वळ नीचपणा, असं बरंच काही बोललो. आवाज चढवून बोललो. सुनीता दारात येऊन उभी राहिली. आक्का हातातली मुळं खाली ठेवून माझ्याकडं बघत राहिल्या. कौतुकानं बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "जाऊ द्या भाऊ. पोरीच्या बापाला भ्या असतंय."

कुजलेल्या वेलीतली चांगली पेरं त्यांनी बाटलीत लावली आणि त्यातून वेल पुन्हा उभी केली. हुपरीची एसटी मात्र त्यानंतर बरीच वर्षं धरली नाही.

मयूरीचं शिक्षण झालं, पुण्याला नोकरी लागली, आणि माझ्या मेहुण्यानं एक स्थळ आणलं. मुलगाही पुण्यातच, आईवडील इथं कोल्हापुरात. मेहुणा फोनवर म्हणाला, "दाजी, माणसं चांगली हायत, पर चौकस. घर, माणसं, सगळं नीट बगत्यात." एवढंच म्हणाला. पुढचं मी माझ्या मनानं जोडलं.

आक्कांना कोण आनंद झाला होता. "बगाय ते येत न्हाईत, मी त्यास्नी बगणार हाय. मयूला असं तसं पावणं न्हाय चालायचं." कपाटातून दोन इरकली साड्या काढून ठेवल्या. आणि वेल धुवायला घेतली. धुणं म्हणजे काय, तर तळहातावर एकेक पान घेऊन ओल्या फडक्यानं पुसायचं, मग कोरड्यानं. दोन दिवस ते चाललं होतं. मग सुनीताला हाताशी धरून त्यांनी तो डबा आमच्या हॉलमध्ये आणला, खिडकीजवळ टांगला आणि वेल सोफ्याच्या पाठीमागून फिरवली.

"मयू हितं बसंल," सोफ्यावर थापटून त्या म्हणाल्या. "फोटोत मागं ही दिसली पायजे."

मी खुर्चीत बसून बघत होतो. त्यांचा पांढरा हात त्या पांढऱ्या-हिरव्या पानांवरून फिरत होता. आणि तेव्हा, त्या घडीला, माझ्या मनात आलं की उद्या पाहुणे यांना आमच्यातलंच कुणीतरी समजतील. आत्या म्हणतील, मावशी म्हणतील. मुलीच्या घराण्यात आहे, असं धरतील. तोंडावर बोलणार नाहीत, घरी जाऊन नकार कळवतील. मला हे कुणी सुचवलं नव्हतं. सुनीताच्या मनात तर ते आलंही नव्हतं. तिला मी बोललोही नाही.

संध्याकाळी मी समोर गेलो. कॉटवर दोन साड्या पसरल्या होत्या.

"या की भाऊ. बरं झालं आलासा. ही नेसू का ती?"

"आक्का, उद्या जरा गर्दी होईल."

"हुंदे की."

"घर लहान आहे आमचं. पाहुणे बरेच येणार आहेत."

"मी काय सोफ्यावर बसणार हाय व्हय? दारात उभा राहतो."

"तसं नाही. माणसं चौकस आहेत म्हणे. उगाच काहीतरी विचारतील. तुम्हाला वाईट वाटेल."

"मला?" त्या म्हणाल्या. आणि थांबल्या.

मी फरशीकडं बघत होतो. त्यांनी एक साडी घडी घातली, मग दुसरी. "भाऊ, मी ट्रंक कॉलवर होतो. खरखरीत अर्दा शब्द ऐकू यायचा, बाकीचा मी वळखायचो. दार लावून बसू, व्हय?"

मी मान अर्धवट हलवली.

"सरळ सांगा की. लाजायचं काय त्यात?"

"हो," मी म्हणालो.

"बरं." साड्या कपाटात गेल्या. कपाटाचं दार लावून त्या वळल्या. "मग वेल आणू व्हय परत? तिलाबी हायच की."

त्या हसत नव्हत्या. चिडल्याही नव्हत्या. खरोखर विचारत होत्या. मी तोवर उठलो होतो, एक पाय दाराबाहेर होता. सुटलो या आनंदात मी म्हणालो, "छे छे, वेल राहू द्या. छान दिसते."

माणूस बोलतो त्याचा अर्थ त्याला कधी कधी जिना उतरल्यावर कळतो म्हणतात. मला तो तिथं उंबऱ्यातच कळला होता. तरी मी वळलो नाही.

दुसऱ्या दिवशी मयूनं विचारलं, "आक्का कुठंय? अजून कशी आली नाही?"

"डोकं दुखतंय त्यांचं. झोपू दे," मी म्हणालो. ती बघायला निघाली होती, तेवढ्यात बेल वाजली.

पाहुणे खरंच चांगले होते. मुलाच्या आई बोलक्या, मोकळ्या. आल्या आल्या त्यांचं लक्ष सोफ्यामागं गेलं. "अगंबाई, काय देखणी वेल हो! पांढरं बघा की कसं, रंगवल्यागत. कुठनं आणलीसा?"

सुनीता उत्तर द्यायला तोंड उघडत होती. मी घाईनं म्हणालो, "नर्सरीतून."

मयू पोह्यांच्या डिश घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं.

"मला एक फांदी द्या की," त्या बाई म्हणाल्या. मी लगेच उठलो, कात्री आणली आणि एक चांगली, पांढरं जास्त असलेली फांदी कापून दिली. पेराच्या खाली कापली. शिकवलेलं विसरलो नव्हतो.

निघताना सगळे जिन्याच्या तोंडाशी चपला घालत उभे राहिले, आक्कांच्या बंद दाराला अगदी लागून. मुलाच्या वडिलांनी सहज विचारलं, "हितं कोण असतंय?"

"एक रिटायर्ड बाई आहेत," मी म्हणालो.

आतून काही आवाज आला नाही. एरवी त्या घरात सतत काहीतरी वाजत असायचं. मला ठाऊक होतं की त्या दाराच्या पलीकडं, फार लांब नाही, बसलेल्या आहेत.

पाहुणे गेल्यावर मयू पोह्यांची डिश घेऊन समोर धावली. मी माझ्या दारात थिजून उभा. मी काय थाप मारली होती हे आक्कांना माहीत असायचं काही कारण नव्हतं.

"डोकं राहिलं का गं दुखायचं?" मयूनं विचारलं.

आत कप खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग तो खणखणीत आवाज, "राहिलं की. सकाळपास्नं लई ठणकत हुतं बग. पावणं कसं हायत? तू हसलीस का न्हाय दात दाखवून?"

अर्ध्या शब्दावरून त्यांनी बाकीचं ओळखलं आणि माझी लाज झाकली. मी घरात येऊन बसलो.

लग्न ठरलं. वेल आक्कांनी परत नेली नाही. सुनीता द्यायला गेली तर म्हणाल्या, "राहू दे की. तुमच्या हॉलमधी छान दिसती." माझेच शब्द. सुनीताला त्यात काही वावगं वाटलं नाही. खिडकीतला तो आकडा नंतर रिकामाच राहिला.

बाकी सगळं पूर्वीसारखं होतं. दार उघडं, चहा, भडंग, सुनीताशी गप्पा. फक्त एकच गोष्ट बदलली, आणि ती माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आली नाही. मी दारात दिसलो की त्या हसून म्हणायच्या, "या पावणं, बसा." भाऊ हा शब्द त्यांच्या तोंडून पुन्हा आला नाही. सुनीताला वाटायचं, मुलीचं लग्न ठरलं म्हणून थट्टा करतात. मीही हसायचो.

लग्नाची पत्रिका घेऊन मी स्वतः गेलो. "आक्का, तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं." तोंड भरून सांगितलं. त्यांनी पत्रिका देवापुढं ठेवली, मयूसाठी हुपरीचे जड पैंजण काढून दिले, माझ्या हातात नाहीत, सुनीताच्या. आणि लग्नाच्या आदल्या दिवशी पिशवी भरून हुपरीला निघून गेल्या. "अण्णाला बरं न्हाय," असं सांगितलं. अण्णा ठणठणीत होते, हे मला नंतर कळलं. ज्या भावानं त्यांना स्वयंपाकघरात बसवलं होतं, त्याच्या घरी जाणं त्यांना माझ्या मांडवात बसण्यापेक्षा बरं वाटलं.

मग मी वेलीकडं बघायला लागलो. दुसरं काय करणार होतो? बोट घालून माती बघायची, मगच पाणी. हिरवा फुटवा आला की छाटायचा. रविवारी एकेक पान तळहातावर घेऊन पुसायचं. सुनीता म्हणायची, "अहो, एवढी सेवा देवाची तरी करता का?" वेल उत्तम वाढली. येणारा जाणारा कौतुक करायचा. दर कौतुकाला मी "आक्कांची आहे" असं म्हणायचो. सगळ्यांना म्हणायचो. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना सोडून.

गेल्या हिवाळ्यात आक्कांना दम लागायला लागला. हृदय मोठं झालंय, असं डॉक्टर म्हणाले. मी त्यांना दवाखान्यात नेलं. नोंद करणाऱ्या नर्सनं विचारलं, "पेशंटचे कोण तुम्ही?"

"भाऊ," मी म्हणालो.

आक्का डोळे मिटून स्ट्रेचरवर होत्या. तशाच बोलल्या, "न्हाय वो बाई. शेजारचं पावणं हायत. लई करत्यात माझं."

नर्सनं ‘शेजारी’ लिहिलं.

दुपारी त्यांच्याजवळ कुणी नव्हतं तेव्हा मी म्हणालो, "आक्का, त्या दिवशी मी…"

"कुठल्या?" त्यांनी डोळे उघडून विचारलं. त्या वाट बघत होत्या. मी सांगावं म्हणून खरंच वाट बघत होत्या, असं मला आता वाटतं. मी त्यांच्या पायांवरची चादर नीट करायला लागलो. त्यांनी बराच वेळ बघितलं, मग तोंड खिडकीकडं वळवलं. "थंडीचं पाणी कमी घाला तिला," म्हणाल्या. "बोट घालून बगा, मगच."

दोन दिवसांनी त्या गेल्या.

मयू पुण्याहून आली. आक्कांचं घर आवरायचं होतं. हुपरीचे लोक भांडी, अंथरुणं घेऊन गेले, आणि उरलेलं आम्ही दोघं बघत होतो. मयूनं कपाट उघडलं. दोन इरकली घडी घातलेल्या, तशाच.

"बाबा, या ती माझ्या बघण्याला नेसणार होती ना?" ती म्हणाली. "नेमकं त्याच दिवशी डोकं दुखलं. आणि लग्नाला नेमके अण्णा आजारी. मी तिला कधी विचारलंच नाही."

तिला सहज सुचलेलं ते वाक्य होतं. मी नेहमीसारखा गप्प राहिलो असतो तर निभलं असतं. पण त्या रिकाम्या खोलीत मला गप्प राहवेना. मी सांगितलं. उभ्या उभ्याच, सगळं. संध्याकाळी समोर गेलो ते, डोक्याची थाप, नर्सरी. ‘वेल राहू द्या’ हेही सांगितलं. ते सांगताना तिच्याकडं बघणं जमलं नाही.

मयू साडी मांडीवर घेऊन बसली होती. तिनं साडीची घडी सारखी केली. मग म्हणाली, "तुम्ही नर्सरी म्हणालात तेव्हा मला वाटलं, गडबडीत तोंडातून गेलं असेल."

"मयू…"

"आईंना सांगा हे." आई म्हणजे तिच्या सासूबाई. "मी नाही सांगणार. तुम्ही सांगायचं. आत्ता चला."

त्यांच्या इमारतीखाली ती गाडीत थांबली, मी एकटा वर गेलो. विहीणबाईंच्या बैठकीत, मी दिलेली ती फांदी आता खिडकीभर पसरली होती. त्यांनी बसा म्हटलं, मी बसलो नाही. जसं मयूला सांगितलं तसंच सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग येईल, निदान तिटकारा तरी येईल, अशी माझी तयारी होती. पण त्या नुसत्या गोंधळलेल्या दिसल्या.

"पर आम्ही कुठं काय विचारलं होतं?" त्या म्हणाल्या.

मी खिडकीतल्या वेलीकडं बघितलं.

"आम्ही पोरगी बगाय आलतो की हो. त्या असत्या तर मी त्यांच्यापाशी बसून वेलीचं विचारलं असतं. मधी हिची पानं पिवळी पडाय लागली, तर मी नर्सरीवाल्याला विचारत बसलो. तुम्हीच सांगितलंसा नर्सरीची म्हणून." आणि जरा वेळानं, हळू आवाजात, "बिचाऱ्या आत बसल्या होत्या व्हय, आम्ही चपला घालत होतो तवा?"

इतकी वर्षं मी मनातल्या मनात थोडा दोष या माणसांवर टाकत आलो होतो. चौकस माणसं, काय करणार, मुलीचं भलं बघायला हवं. तो आधार त्यांनी नकळत काढून घेतला. त्या दिवशी आमच्या घरात कोडाला भ्यालेला माणूस एकच होता. मी ‘येतो’ म्हणून निघालो.

गाडीत बसल्यावर मयूनं विचारलं, "सांगितलंत?"

"सांगितलं."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, आम्ही कुठं काय विचारलं होतं."

आक्का गेल्याचं कळून पुण्याहून आली तेव्हा मयू रडली नव्हती. आक्कांना नेलं तेव्हाही नाही. आता तिनं स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि हमसून हमसून रडायला लागली. रस्त्यानं जाणारे वाकून बघत होते. मी शेजारी बसून होतो. तिच्या पाठीवर हात ठेवावा असं फार वाटत होतं, पण मी तो उचलला नाही.